पेन्सिलीचा गोल: सबस्क्रिप्शन सॉफ्टवेअरची कल्पना शोधायची कशी, पारखायची कशी

भोसरी किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये शिरलात तर स्टोअरकीपरच्या टेबलावर एक जाड वही दिसेल. बाहेर जॉब वर्कला, म्हणजे प्लेटिंगसारखं (धातूचा मुलामा देण्याचं) काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलेल्या मालाची वही. त्यातली एक ओळ अशी असते: चलन नंबर २१४, पिन १६ एमएम, ५०० नग, प्लेटिंगला. त्याच ओळीपुढे लाल पेनाने ‘आले ३००’, दोन दिवसांनी ‘आले १७२’. आणि शेवटी पेन्सिलीने काढलेला एक गोल, त्यात २८. हे २८ नग प्लेटरकडे पडून आहेत, रिजेक्ट झाले, की मोजताना चूक झाली, ते वही सांगत नाही. महिनाअखेरीला प्लेटरचं बिल ५०० नगांचं येतं आणि फोनाफोनी सुरू होते.

दरमहा पैसे मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची कल्पना शोधायला निघालेल्याने आधी असे गोल शोधावेत. कागदावर, एक्सेलमध्ये नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणीतरी दोन बाजूंचे आकडे रोज जुळवत बसलेलं असतं आणि ते जुळत नसतात. पैसे तिथेच गळतात. या लेखात जॉब वर्कच्या चलनांचं हे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे, कारण पारख कशी करायची ते खऱ्या मालावरच नीट समजतं.

वर्गणीचं गणित आधी

एकदा विकून मोकळं होण्याच्या वस्तूला एवढंच विचारावं लागतं की लोक घेतील का. वर्गणीच्या धंद्यात हा प्रश्न दर महिन्याला नव्याने उभा राहतो. लग्नाच्या पाहुण्यांची यादी सांभाळणारं ॲप कितीही सुंदर असो, वरात निघाली की त्याचं काम संपलं. तेव्हा कुठल्याही कल्पनेला पहिला प्रश्न हा विचारावा: हे काम किती दिवसांनी परत येतं?

महिन्याला शंभरातली ५ गिऱ्हाइकं सोडून जातात, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या गळतीने शंभरातली ५४च गिऱ्हाइकं वर्षाअखेरीस उरतात. गळती ३ टक्के असेल तर ६९ उरतात, ८ टक्के असेल तर ३७. दुसरं गणित याहून बोचरं आहे. महिन्याला १० नवी गिऱ्हाइकं येतात आणि गळती ५ टक्के आहे असं धरा. मग एकूण संख्या २०० च्या आसपास जाऊन अडकते, कारण २०० चे ५ टक्के म्हणजे १०, जितके आले तितकेच गेले. महिना ९०० रुपये दर असेल तर तुमची कमाल मिळकत महिना १ लाख ८० हजार. त्यातून सर्व्हरचा खर्च, फोनवर बसणारा माणूस आणि तुमचं घर चालवायचं. ही मर्यादा कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर काढता येते. पुष्कळ जण ती दोन वर्षांनी काढतात.

कल्पना येतात कुठून

गाजलेल्या कंपन्यांकडे पाहिलं तर दोन-तीन वाटा ठळक दिसतात. ऑफिसातल्या लोकांना आपसांत बोलता यावं यासाठीचं स्लॅक बनवणारी टायनी स्पेक ही मुळात ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ करणारी कंपनी. २०१२ मध्ये खेळ बंद पडला, पण आपसांत बोलण्यासाठी त्यांनी स्वतःपुरतं जे साधन बनवलं होतं ते रोज वापरात होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. चेन्नईत २०१० मध्ये गिरीश मातृभूतम यांनी सुरू केलेल्या फ्रेशडेस्क या गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची ठिणगी वेगळी होती. तेच काम करणाऱ्या झेनडेस्कने दर वाढवले, गिऱ्हाइकं इंटरनेटवर चिडून लिहीत होती, आणि तिथलीच एक प्रतिक्रिया त्यांच्या वाचनात आली. पुढे त्याच कंपनीचं नाव फ्रेशवर्क्स झालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात आली. आधीच पैसे मोजणारी आणि नाराज असलेली गिऱ्हाइकं ही सगळ्यात भक्कम खूण असते. गरज आहे का, हे तिथे सिद्धच झालेलं असतं.

तिसरी वाट कायद्याची. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झाली. मग मर्यादा १००, ५०, २०, १० कोटी अशी पायरीपायरीने उतरली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. प्रत्येक पायरीला ठरल्या तारखेला धंद्यांचा एक नवा गट गरजू झाला. मात्र ही तारीख सगळ्यांनाच दिसते. हिशेबाची मोठी सॉफ्टवेअरं असली सोय आपल्या पोटातच देऊन टाकतात, आणि मग त्या एका सोयीसाठी वेगळी वर्गणी कोणी भरत नाही. कायद्याने तयार झालेली गरज घ्यावी, पण तिच्या खाली रोजचं एखादं दुखणं आहे का ते पाहावं.

जॉब वर्कमध्ये हा फरक लख्ख दिसतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते. साचे, डाय, जिग आणि फिक्श्चर यांना ही मुदत नाही. मुदतीत माल आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. या मालाचा हिशेब माल पाठवणाऱ्याने आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यायचा असतो. म्हणजे कल्पना तयारच आहे असं वाटतं: आयटीसी-०४ भरून देणारं सॉफ्टवेअर काढू.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. ऑक्टोबर २०२१ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना हा फॉर्म वर्षातून एकदाच भरायचा आहे, त्यावर असलेल्यांना दोनदा. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी छोटा कारखानदार बारा महिने वर्गणी देणार नाही. एप्रिलमध्ये सीएला फोन करून तो मोकळा होतो. पण चलनं रोज फाटतात, माल रोज जातो-येतो आणि पेन्सिलीचे गोल दर आठवड्याला वाढतात. फॉर्ममुळे तो तुमच्याकडे येईल, टिकेल मात्र त्या गोलामुळे. कल्पना कागदावर एकाच वाक्यात मांडायची तर ती अशी होते: पंधरा ते पन्नास कामगारांच्या मशीन शॉपला बाहेर गेलेल्या मालाचा हिशेब रोज नगापर्यंत जुळवून देणं.

वीस भेटी

आता बोलायला जायचं. एकाच प्रकारच्या वीस वर्कशॉप पुरतात, पण त्या खरोखर एका प्रकारच्या हव्यात. भोसरीचं मशीन शॉप, इचलकरंजीचा यंत्रमाग आणि शिरोलीची फौंड्री यांची सरमिसळ केलीत तर वीस वेगळ्या गोष्टी ऐकून परत याल. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी बहुतेकांची सुट्टी असते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिलांची गडबड असते. ते दिवस टाळा. सकाळी माल लागण्याच्या वेळेला मालक बोलत नाही, दुपारी जेवणानंतर बोलतो.

‘असं सॉफ्टवेअर केलं तर घ्याल का?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर येणार, ‘घेऊ की, करा तुम्ही.’ आपल्याकडे दारी आलेल्या होतकरू माणसाचं मन कोणी मोडत नाही, शिवाय चहाही पाजतात. त्या होकाराची किंमत चहाएवढीच. माणूस पुढे काय करेल याचा अंदाज त्याने मागे काय केलं त्यावरूनच बांधता येतो, म्हणून विचारायचं ते घडून गेलेलं:

‘जॉब वर्करच्या बिलात मागच्या वेळी फरक कधी आला? तेव्हा काय केलंत? कोण बसलं होतं जुळवायला, किती तास? शेवटी किती रुपये सोडून दिले? मागच्या वर्षी आयटीसी-०४ कोणी भरला, त्याचे किती घेतले? यावर उपाय म्हणून आजवर काय काय करून पाहिलं?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तक्रार पाच मिनिटं चालली, पण साधं एक्सेलचं पानही कधी करून पाहिलेलं नसेल, तर दुखणं पैसे मोजण्याइतकं नाही असं समजा. उलट एखाद्याने भाच्याला बसवून शीट बनवून घेतली असेल, किंवा संध्याकाळी दोन तास चलनं लावायला कॉमर्सची मुलगी ठेवली असेल, तर तो तुमचा माणूस. तो आजच पैसे खर्च करतो आहे.

निघताना वहीच्या दोन पानांचा फोटो मागा. बोलण्यातलं दुखणं आणि वहीतलं दुखणं बरेचदा वेगळं निघतं. आणि नुकसानीचा हिशेब त्यांच्यासमोर, त्यांच्याच आकड्यांनी मांडा. वरच्या ओळीतल्या पिनची किंमत ३५ रुपये धरली तर २८ नगांचे ९८० रुपये. अशा चार ओळी महिन्याला निघत असतील तर जवळपास ४ हजार, वर स्टोअरकीपरचे दोन दिवस. मालकाने हा आकडा स्वतः मान्य केला तर महिना ९०० रुपये महाग वाटत नाहीत. त्याचा आकडा महिना ६०० निघाला, तर तुमचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी सौदा जमणार नाही.

ढोबळ नियम असा ठेवता येतो: वीसपैकी निदान आठ जणांनी, तुम्ही न सुचवता, हेच दुखणं पहिल्या तीन अडचणींत सांगावं. तीन-चार जणांनीच सांगितलं तर गिऱ्हाईक चुकीचं निवडलं आहे किंवा दुखणं. दोन्हींपैकी एक बदला आणि पुन्हा दहा भेटी करा.

प्रत्येक वर्कशॉपमध्ये तीन माणसं ओळखा: पैसे देणारा, वापरणारा आणि अडवू शकणारा. इथे मालक देतो, स्टोअरकीपर वापरतो, आणि सीए किंवा अकाउंटंट एका वाक्यात सगळं थांबवू शकतो: ‘टॅलीत होतं की हे.’ टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जॉब वर्कची सोय खरोखरच आहे. म्हणून त्या वाक्याला घाबरण्यापेक्षा, ती सोय इथे वापरात का नाही हे खोदून विचारा. उत्तर बहुतेकदा जागेचं निघतं. टॅली अकाउंटंटच्या खोलीत असते आणि माल गेटवरून जातो. टेम्पो उभा असताना कोणी जिना चढून नोंद करत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरचा जीव या एका वाक्यात आहे: नोंद गेटवर, मोबाइलवर, अर्ध्या मिनिटात झाली पाहिजे.

सॉफ्टवेअर न बनवता सेवा द्या

भेटींनंतर लगेच कोड लिहायला बसू नका. पाच वर्कशॉप निवडा आणि एक महिना हेच काम हाताने करून द्या. प्रत्येकी १,००० रुपये घ्या. फुकट करू नका. फुकटच्या सेवेबद्दल कोणी तक्रारही करत नाही, आणि तुम्हाला तर तक्रारीच हव्या आहेत. स्टोअरकीपरने संध्याकाळी त्या दिवसाच्या चलनांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे, तुम्ही ते रात्री स्प्रेडशीटमध्ये भरायचे, आणि दर आठवड्याला मालकाला ‘कुणाकडे किती बाकी’ अशी एका पानाची यादी पाठवायची.

या महिन्यात जे कळतं ते कुठल्याही मुलाखतीत कळत नाही. एकच पिन तीन नावांनी लिहिली जाते: कुणी साइज लिहितो, कुणी ड्रॉइंग नंबर, कुणी गिऱ्हाइकाचं नाव. माल नगावर जातो पण प्लेटिंगचं बिल किलोवर येतं, म्हणजे नगाचं वजन माहीत नसेल तर जुळणी होतच नाही. टर्निंग झालेला माल घरी न येता परस्पर हीट ट्रीटमेंटला जातो. कायद्याला ते चालतं, पण त्याची चलनावर नोंद किंवा नवं चलन लागतं, आणि वहीत नेमकी तीच कडी तुटलेली असते. रिजेक्ट माल पुढच्या लॉटमध्ये मिसळून परत येतो. यातली प्रत्येक गोष्ट सॉफ्टवेअर बनल्यावर कळली असती तर डेटाबेस उखडावा लागला असता.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते फोटो येणं कधी थांबतं याकडे. दुसऱ्या आठवड्यात दोन ठिकाणचे फोटो बंद पडले तर चौकशीला प्रत्यक्ष जा. कधी स्टोअरकीपरला वाटतं की आपली चूक पकडायला हे चाललंय. कधी त्याच्या फोनचा डेटा संपलेला असतो आणि रिचार्ज कोणी करायचा हे ठरलेलं नसतं. मालक खूश आणि वापरणारा नाखूश, अशी गिऱ्हाइकं तिसऱ्या महिन्यात सोडतात. स्टोअरकीपरला त्यातून काय मिळतं याचं उत्तर तुमच्याकडे हवं. उदाहरणार्थ, बिलाच्या भांडणात त्याच्या बाजूने उभा राहणारा तारखेसकटचा पुरावा.

वेबपेज आणि खोटे आकडे

मागणी तपासायला आधी नुसतं वेबपेज टाकावं असा सल्ला सर्रास मिळतो. २०१० मध्ये जोएल गॅसकॉइन यांनी बफर या सोशल मीडियावर ठरल्या वेळी पोस्ट टाकणाऱ्या साधनासाठी तेच केलं. साधन बनण्याआधी दोन पानं टाकली. नंतर मध्ये किमतींचं पान घातलं आणि लोक पैसे द्यायच्या प्लॅनवर क्लिक करतात का ते पाहिलं. ते गिऱ्हाईक दिवसभर इंटरनेटवरच असायचं, म्हणून तो प्रयोग खरं बोलला. आपला कारखानदार वेबपेजवर सापडणार नाही. तो औद्योगिक संघटनेच्या बैठकीत, टूल्सच्या दुकानात आणि सीएच्या ऑफिसात सापडतो. जिथे तो आहे तिथेच तपासणी करावी.

आकडे वाचताना एक साधं सूत्र हाताशी ठेवा. ‘न’ जणांना विचारलं आणि एकानेही घेतलं नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की खरं प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले ‘न’ एवढं असेल. २० जणांत शून्य म्हणजे खरं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, तेव्हा एवढ्यावर कल्पना मेली असं म्हणता येत नाही. १०० जणांत शून्य म्हणजे फार तर ३ टक्के. मग तिथे वेळ घालवू नका.

पैसे मागणं

खरी परीक्षा पैसे मागण्याची. त्याआधीच्या पायऱ्याही मोजाव्यात: वेळ दिला, वही दाखवली, ओळखीच्या दुसऱ्या कारखानदाराला आपणहून फोन लावला. हा फोन फार मोठी गोष्ट आहे, कारण त्यात त्याने स्वतःची पत लावलेली असते. पण अखेर यूपीआयचा कोड पुढे करावा लागतो. ‘दोन महिन्यांत तयार होईल. सहा महिन्यांचे ५,४०० आणि जीएसटी आत्ता भरा, नाही आवडलं तर सगळे परत.’ हाताने सेवा घेतलेल्या पाचांपैकी तिघांनी आणि नव्या दहांपैकी तिघा-चौघांनी भरले तर बनवायला घ्या. ‘तयार झालं की नक्की’ हा नकार समजून वहीत तसाच लिहा.

दर सांगताना अडखळू नका आणि सांगून झाल्यावर गप्प बसा. कोणीच कुरकुर केली नाही तर दर कमी लावला आहे. पुढच्या पाच जणांना १,२०० सांगून पाहा. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट, म्हणजे तेवढ्या कराची वजावट मिळते, त्यामुळे त्याला खरा भार ९०० चाच. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या धंद्याला, क्रेडिट मिळत नाही, त्याला १,०६२ पडतात. ही बाब पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

वसुलीचाही विचार आत्ताच करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नेहमीच्या ऑटो-डेबिटला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जावीच लागते. ती सूचना आली की ‘हे कसलं कापतायत?’ म्हणत बंद करणारे निघतात. त्यातच चालू खात्यात त्या दिवशी शिल्लक नसते. अशी गळती वापरातल्या नाराजीची नसून वसुलीची असते, ती वेगळी मोजा. छोट्या कारखान्यांना वर्षाचं एक बिल आणि एनईएफटी सोयीचं पडतं. दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने असा दर ठेवलात तर दोघांचंही सुख आहे.

गिऱ्हाईक आणायचा खर्चही याच वेळी मांडा. फिरणाऱ्या माणसाला पगार आणि पेट्रोल मिळून महिना ३८,००० जात असतील आणि तो आठ वर्कशॉप आणत असेल, तर एका गिऱ्हाइकामागे ४,७५० पडले. ९०० मधून सर्व्हर आणि फोनची मदत वजा जाता ७२० उरत असतील, तर हे पैसे सुटायला साडेसहा महिने लागतात. पाचव्या महिन्यात सोडणारा प्रत्येक जण घाट्याचा.

बनवल्यावरचा पहिला धोका

पहिली आवृत्ती पंधरा वर्कशॉपमध्ये चालू झाली असं धरा. मग मागण्या येतात: ‘आमच्या चलनावर लोगो डावीकडे हवा’, ‘पगारपत्रकही यातच करा, मग सगळ्या शेडना लावतो.’ एकाच मोठ्या गिऱ्हाइकासाठी वळलात की तुम्ही त्याचे ठेकेदार होता आणि बाकीच्या चौदांची कामं मागे पडतात. मागणी लिहून ठेवा, तीन वेगळ्या वर्कशॉपकडून आली की करा.

थांबायचं कधी, हेही सुरुवातीलाच तारखेसकट लिहून ठेवा. उदाहरणार्थ: तिसऱ्या महिनाअखेर पंधरापैकी दहा जणांची चलनं रोज येत नसतील तर हे गिऱ्हाईक सोडायचं. नंतर ठरवू म्हटलं की केलेल्या कष्टाची माया आड येते. लॉगिनचे आकडे मात्र यासाठी पाहू नका, मालक कौतुकाने उघडून बघतोच. एका आठवड्याची छापील चलनं घ्या आणि त्यातली किती सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते मोजा. शंभरात ऐंशीच्या खाली असतील तर ‘बाकी’चा आकडा खोटा येतो, आणि एकदा खोटा आकडा दिसला की स्टोअरकीपर पुन्हा वहीकडे वळतो.

मोजणीला गेलात की त्याच्या टेबलावरही नजर टाका. वही अजून उघडी असेल आणि त्यात आजची तारीख असेल, तर तो दोनदा लिहितो आहे. त्याच्याशेजारी बसा आणि आजच्या पानावर अजून पेन्सिलीचे किती गोल आहेत ते त्यालाच विचारा.